गळाची काठी आणि रीळ कसं निवडावं

छत्रपती संभाजीनगरच्या शहागंजात घड्याळाच्या मनोऱ्याशी उभं राहून सिटी चौकाकडे निघालं, की गळाच्या छंदाला लागणारं बरंच काही पायी फिरत गोळा होतं. दोऱ्या, पक्कड, स्प्रिंगचा काटा, कणीक, फुटाणे, शेंगदाण्याची पेंड, सगळं इथे मिळतं. काठी आणि रीळ कुणी ओळखीच्या दुकानातून घेतं, कुणी पुण्या-मुंबईहून आणतं, तर कुणी ऑनलाइन मागवतं. कुठूनही घेतलं, तरी बहुतेकांची चूक एकच असते. आधी चकाकतं रीळ पसंत करायचं, मग त्याला शोभेल अशी काठी घ्यायची, आणि मासा कोणता व पाणी कसं याचा विचार तलावावर पोचल्यावर करायचा.

हा क्रम उलटा करायला हवा. आधी पाणी, मग मासा, मग तंगूस (गळाचा नायलॉनचा धागा) आणि गळ, मग काठी आणि सर्वांत शेवटी रीळ. या क्रमाने गेलात, तर थोड्या पैशांत जुळणारं सामान मिळतं. क्रम मोडलात, तर महागडी काठीही पहिल्या मोठ्या माशाबरोबर तुटते किंवा मासा तोंडात गळ घेऊन निघून जातो. पुढची कृती नवशिक्यासाठी आहे, पण जुनी काठी बदलू पाहणाऱ्यालाही ती उपयोगी पडेल.

खरेदीला निघताना सोबत घ्या

- मोजपट्टी किंवा टेप
- स्प्रिंगचा काटा (१० किलोपर्यंतचा पुरे)
- कापसाचा छोटा बोळा
- चार-पाच मीटर तंगूस
- ज्या पाण्यावर जाणार त्याबद्दलची टिपणं : काठ कसा आहे, खोल पाणी किती लांब आहे, झाडोरा आहे का

पायरी १ : पाणी ठरवा आणि परवानगी घ्या

छत्रपती संभाजीनगरच्या माणसापुढे साधारण तीन प्रकारचं पाणी असतं.

पहिलं नाथसागराचं, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाचं. बिडकीनमार्गे पैठणला गेलं की सुमारे ५० किलोमीटरवर जायकवाडी धरण लागतं. लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १९६५ मध्ये त्याची पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं. सपाट मुलखात गोदावरी अडवल्यामुळे पाणी खोल जाण्याऐवजी आडवं पसरलं आणि सुमारे ३५० चौरस किलोमीटरचा उथळ जलाशय तयार झाला. गळ टाकणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की पाणी ओसरत गेलं की काठ लांबच लांब चिखलाचा होतो आणि माशापर्यंत पोचायला गळ दूर फेकावा लागतो. पुणे रस्त्यावर कायगाव टोक्याला, गोदावरी-प्रवरेच्या संगमाकडेही याच जलाशयाचा फुगवटा आहे.

दुसरं पाणी गावतळ्यांचं, पाझर तलावांचं आणि लहान धरणांचं. तिथे दहा-पंधरा मीटरवर बरंचसं काम भागतं.

तिसरं शेततळ्याचं. ‘मागेल त्याला शेततळे’ योजना २०१६ मध्ये आली, तेव्हापासून मराठवाड्यात शेततळी वाढली आणि अनेक शेतकरी त्यात मासे सोडतात. इथे मासा पायाखालीच असतो. मात्र प्लास्टिकचं अस्तर असेल, तर जड शिसं आणि उघडा गळ तळाशी ओढू नका. अस्तर फाटलं तर शेतकऱ्याचं वर्षभराचं पाणी जातं. ओल्या प्लास्टिकवर पाय घसरला तर पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही, म्हणून काठाला बांधलेला दोर पाण्यात सोडलेला असल्याशिवाय शेततळ्यावर बसू नका.

परवानगीचं काम याच पायरीत उरका. नाथसागराचा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. तिथे गळ टाकण्याआधी वनविभागाकडे विचारणं आवश्यक आहे. महाराष्ट्रातल्या बहुतेक तलावांची मासेमारी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते. संस्थेने पैसे भरून बीज सोडलेलं असतं आणि त्यावर भोई कुटुंबांची पोटं चालतात. त्यांना विचारून, त्यांच्या जाळ्यांपासून लांब बसणं हा या छंदाचा पहिला नियम मानावा. विचारलंत तर कुठल्या कोपऱ्यात कोणता मासा लागतो, हेही तेच सांगतील.

पायरी २ : मासा ठरवा

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. ही कल्याणी म्हणजे मराठवाड्याला लागून असलेल्या बिदर जिल्ह्यातलं आजचं बसवकल्याण. या ग्रंथात गळाने मासे धरण्याच्या करमणुकीवर स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात माशांच्या जाती, त्यांचं खाद्य यांचा विचार केलेला आहे. मासा ओळखल्याशिवाय आमिष ठरत नाही आणि आमिष ठरल्याशिवाय गळ ठरत नाही, हे दख्खनमध्ये इतकं जुनं शहाणपण आहे.

आपल्या तलावांत नेहमी लागणारे मासे आणि त्यांची राहण्याची जागा अशी :

- कटला : पाण्याच्या वरच्या थरात चरतो, तोंड वरच्या बाजूला वळलेलं. गळ तरंगत्या बुचाखाली टांगावा.
- रोहू : मधल्या थरात. कणकेचे गोळे, पेंड.
- मृगळ आणि सायप्रिनस : तळाशी चरतात. शिसं लावून गळ तळाला बसवावा.
- चिलापी : काठाजवळ, लहान तोंडाचा मासा. गांडूळ, कणीक, बारीक गळ.
- मरळ : पाणवनस्पतींच्या आडोशाला बसून बेडूक आणि लहान मासे टिपणारी. जिवंत हालचाल करणाऱ्या आमिषावर झडप घालते.
- वाम : तळाशी, दगडांच्या सांदीत. गांडुळावर, बहुधा रात्री.

यातला एकच मासा निवडा. सगळ्या माशांना चालेल अशी एकच काठी नसते. पहिली काठी ज्या माशासाठी घ्याल, त्या माशाला नीट चालेल अशी घ्या.

पायरी ३ : तंगूस आणि गळ ठरवा

माशाचं वजन आणि तो ज्या अडचणीत शिरेल ती जागा, यांवरून तंगुसाची जाडी ठरते. चांगल्या प्रतीचा ०.२० मिलिमीटरचा तंगूस साधारण तीन किलो ताण सोसतो, ०.३० चा साधारण सहा किलो आणि ०.३५ चा साधारण आठ किलो. पुडक्यावर लिहिलेल्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. एक टोक स्प्रिंगच्या काट्याला बांधा, दुसरं टोक कापडात गुंडाळून हळूहळू ओढा आणि कितीवर तुटतो ते स्वतः पाहा. तो बहुधा गाठीपाशीच तुटतो, कारण गाठ हीच धाग्यातली सर्वांत कच्ची जागा असते. गाठ आवळण्याआधी थुंकीने किंवा पाण्याने ओली केली, तर घर्षणाने धागा जळत नाही.

चिलापीला ०.१८ ते ०.२०, रोहू-मृगळ-सायप्रिनसला ०.३० ते ०.३५ अशी जाडी घ्या. मरळ वनस्पतींच्या जाळ्यातून ओढून काढावी लागते. तिला तंगुसापेक्षा विणलेला धागा, म्हणजे ब्रेड, बरा. तो ताणला जात नाही आणि त्याच जाडीत कितीतरी जास्त ओढ सोसतो.

गळाच्या क्रमांकात नवशिका हमखास फसतो. १०, ८, ६, ४, २, १ असा आकडा उतरत गेला की गळ मोठा होत जातो. एकनंतर १/०, २/०, ३/० असे क्रमांक येतात आणि तिथून पुढे आकडा वाढेल तसा गळही वाढतो. चिलापीला १० किंवा ८, कार्प माशांना (कटला, रोहू, मृगळ, सायप्रिनस) ४ ते १, मरळीला १/० ते ३/० पुरतात.

पायरी ४ : काठीची लांबी ठरवा

काठीची लांबी ठरते ती तुम्ही आणि मासा यांच्यातल्या अंतरावरून. लांब काठीने गळ दूर जातो आणि पाण्यावर पसरलेला तंगूस एका झटक्यात उचलता येतो. आखूड काठी हलकी, नेमकी आणि झाडांखाली वापरायला सोयीची असते.

- शेततळं, विहिरीएवढं तळं : ५ ते ६ फूट
- गावतळं, पाझर तलाव : ७ ते ८ फूट
- नाथसागरासारखा उथळ, लांब काठ : ९ ते १० फूट
- मरळीसाठी, झाडोऱ्यात नेमका गळ टाकायला : साडेसहा ते ७ फूट

रिळाशिवायची लांब फोल्डिंग काठी हाही चांगला पर्याय आहे. धागा थेट शेंड्याला बांधायचा आणि काठाजवळची चिलापी उचलायची. लहान मुलांना शिकवायला याहून सोपं साधन नाही.

पायरी ५ : काठीची ताकद आणि वाक पाहा

काठीच्या मुठीच्या वर बारीक अक्षरांत दोन आकडे छापलेले असतात. एक, तिने किती वजनाचं शिसं किंवा आमिष फेकावं (ग्रॅममध्ये). दुसरा, तिला किती ताणाचा तंगूस लावावा (बहुधा पौंडांत, एक पौंड म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम). पायरी ३ मध्ये ठरवलेला तंगूस या दुसऱ्या आकड्यात बसला पाहिजे. काठीपेक्षा तंगूस जास्त ताकदीचा झाला, तर अडकल्यावर धाग्याआधी काठी तुटते. सगळ्या सामानात सर्वांत आधी तुटणारी वस्तू स्वस्तातला तंगूस असावी.

याच ठिकाणी लाइट, मीडियम, मीडियम हेवी, हेवी असा ताकदीचा शब्द असतो. ॲक्शन हा वेगळा गुण आहे. काठी कुठून वाकते, ते तो सांगतो. फास्ट काठी फक्त शेंड्याजवळ वाकते, झटका लगेच बसतो. मरळीच्या टणक जबड्याला तीच हवी. मॉडरेट काठी मधोमध वाकते आणि माशाचे हिसके पोटात घेते. रोहू, मृगळ, सायप्रिनस यांचे ओठ मऊ असतात. ताठ काठीने ते फाटतात आणि गळ सुटतो. कार्पसाठी मॉडरेट वाकच निवडा.

पायरी ६ : काठी कशाची ते ठरवा

बांबूची काठी स्वस्त असते आणि मोडली तर दुसरी करता येते, पण तिला रीळ नीट बसत नाही. फायबर ग्लासची काठी जड असली तरी चिवट असते. स्कूटरवर, बसमध्ये, टपावर आदळआपट सोसते. पहिल्या काठीसाठी फायबर किंवा फायबर-कार्बन मिश्रणच घ्यावं. निव्वळ कार्बनची काठी हलकी असते आणि माशाचा बारीकसा स्पर्शही हातात पोचवते, पण कडेला दगड लागला तर न दिसणारी चीर पडते आणि ती पुढे कधीतरी मोडते.

कार्बनबद्दल एक गोष्ट प्रत्येकाने लक्षात ठेवायलाच हवी. कार्बनमधून वीज वाहते. जलाशयाच्या काठाने शेतीपंपांच्या तारा गेलेल्या असतात. दहा फुटांची काठी उभी धरून त्यांच्याखालून चालणं जिवावर बेतू शकतं. वळवाच्या दिवसांत आणि परतीच्या पावसात मराठवाड्यात वीज पडून दरवर्षी माणसं आणि जनावरं दगावतात. आभाळात गडगडाट ऐकू आला, की काठी आडवी ठेवा आणि पाण्यापासून दूर पक्क्या इमारतीत जा. मासा लागलेला असला तरी.

पायरी ७ : दुकानात काठी तपासा

१. काठी पूर्ण जोडा किंवा उघडा. एक डोळा मिटून मुठीकडून शेंड्याकडे पाहा. सगळ्या कड्या एका ओळीत हव्यात.

२. जोड हलवून पाहा. खुळखुळ आली तर ती काठी नको.

३. प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा फिरवा. कुठेही तंतू अडकला, तर आतल्या चिनी मातीच्या रिंगेला तडा आहे. ती कडी दर वेळी तंगूस कापत राहील.

४. सोबत आणलेला तंगूस सर्व कड्यांतून ओवा. एकाला टोक धरायला सांगा आणि काठी हळूहळू उचला. वाक गोल आणि सलग यायला हवा. मध्ये कोपरा दिसला तर काठी ठेवून द्या. तंगूस काठीच्या अंगाला घासत असेल, तर कड्या कमी आहेत.

५. रीळ बसवून काठी बोटावर तोला. तोल रिळाच्या थोडा पुढे आला तर हात लवकर दुखत नाही.

पायरी ८ : रीळ निवडा

नवशिक्याने साधं स्पिनिंग रीळच घ्यावं. त्याचा आकार हजारांच्या क्रमांकात असतो. चिलापीसाठी १००० ते २०००, सर्वसाधारण कामाला २५०० ते ३०००, मोठ्या कार्पसाठी आणि लांब फेकीसाठी ४०००. फिरकीवर, म्हणजे रिळाच्या ज्या भागावर धागा गुंडाळतात त्यावर, किती तंगूस मावतो तेही लिहिलेलं असतं. ०.३०/१५० असं असेल, तर ०.३० मिलिमीटरचा १५० मीटर तंगूस मावतो.

खोक्यावरचा बेअरिंगचा आकडा पाहून भुलू नका. बारा हलक्या बेअरिंगपेक्षा चार चांगली बरी. त्याऐवजी हे तपासा :

- हँडल हळू फिरवा. खरखर किंवा मध्येच अडकल्यासारखं वाटता कामा नये.
- रोटर, म्हणजे फिरकीभोवती फिरणारा भाग, धरून हलवा. सैलपणा नसावा.
- रोटरवरची धागा गुंडाळणारी वाकडी तार उघडा, हँडल फिरवा. ती दर वेळी खटकन मिटली पाहिजे.
- तारेच्या टोकाला जिथून धागा वळतो ती छोटी चकती बोटाने फिरते का पाहा. ती अडकली असेल तर तंगूस तिथेच झिजतो. पुष्कळ जण हे पाहतच नाहीत.
- ड्रॅगची, म्हणजे धागा किती ताणावर सुटावा ते ठरवणारी, चकती सैल करून धागा ओढा. धागा एकसारखा सुटला पाहिजे, हिसक्याने नको.

५.२:१ असा आकडा असेल, तर हँडलच्या एका फेऱ्यात रोटर ५.२ वेळा फिरतो. कार्पला पाचच्या आसपासचं रीळ पुरे, मरळीचं आमिष भराभर ओढायला सहा असलेलं चांगलं. हँडल डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना लावता येतं. उजव्या हाताने गळ फेकणाऱ्याने हँडल डावीकडे लावलं, तर फेकल्यावर हात बदलावा लागत नाही.

पायरी ९ : रिळावर तंगूस भरा

तंगुसाचं पुडकं जमिनीवर आडवं ठेवा, लेबल वर. धागा सर्वांत खालच्या कडीतून ओवून फिरकीला बांधा. ओल्या फडक्यात चिमटीने धरून, ताण ठेवून पंधरा-वीस फेरे गुंडाळा आणि मग ढिला सोडा. वेटोळी पडली तर पुडकं उलटं ठेवून पुढे भरा. फिरकीची कड दोन-तीन मिलिमीटर मोकळी राहील इतकाच भरा. कमी भरला तर फेक आखूड होते, जास्त भरला तर गुंता होतो. ब्रेड भरायचा असेल तर खाली आधी थोडा साधा तंगूस गुंडाळा, नाहीतर ब्रेड फिरकीवर घसरतो.

पायरी १० : ड्रॅग लावा

सगळ्या निवडीचं फळ या एका पायरीत मिळतं. ड्रॅग म्हणजे माशाने जोर केला की रिळाने किती ताणावर धागा सोडावा, याची मर्यादा. तंगूस सहा किलोचा असेल तर ड्रॅग दीड ते दोन किलोवर, म्हणजे पाव ते तिसरा हिस्सा एवढाच ठेवा. काठी तिरकी धरा, धाग्याच्या टोकाला स्प्रिंगचा काटा अडकवा आणि दुसऱ्याला ओढायला सांगा. काटा दीड किलो दाखवत असताना धागा सुटू लागला, की ड्रॅग बरोबर बसला. हे काम घरच्या गच्चीवर करा, पाण्यावर नको.

मासा धागा ओढून नेत असेल तेव्हा हँडल फिरवू नका. धागा आत येत नाही, पण रोटर फिरतो आणि प्रत्येक फेऱ्याला तंगुसात पाच पीळ भरतात. त्याला दमू द्या. तो थांबला की काठी उचला, मग काठी खाली नेत ढिला धागा गुंडाळा.

जुळलेले तीन संच

- चिलापी, शेततळं : ६ फुटी लाइट काठी, १००० ते २००० चं रीळ, ०.२० चा तंगूस, १० क्रमांकाचा गळ.
- रोहू, मृगळ, सायप्रिनस, मोठा जलाशय : ९ ते १० फुटी मीडियम हेवी, मॉडरेट वाकाची काठी, ४००० चं रीळ, ०.३० ते ०.३५ चा तंगूस, ४ ते १ क्रमांकाचा गळ.
- मरळ : ७ फुटी मीडियम हेवी, फास्ट काठी, ३००० चं रीळ, ३० पौंडी ब्रेड, २/० चा गळ.

बर्फावर जायचं झालं तर

संभाजीनगरची कित्येक मुलं मिनेसोटात, टोरंटोत नोकरीला आहेत आणि हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून गळ टाकायला जातात. निवडीचा क्रम तिथेही हाच लागू पडतो. मासा पायाखाली असतो, फेकायचं काहीच नसतं, म्हणून काठी ६० ते ९० सेंटिमीटरची. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं, त्यामुळे बर्फाखाली तळाचं पाणीच त्यातल्या त्यात उबदार राहतं. थंडीत मासा सुस्त होतो आणि आमिष अगदी हलकेच चोखतो. तो स्पर्श कळायला शेंडा फार मऊ लागतो आणि तंगूस बारीक. कड्या मोठ्या तोंडाच्या घ्याव्यात, कारण ओल्या धाग्यावरचं पाणी त्यांत गोठतं. लहान फिरकीवरचा तंगूस थंडीत वेटोळी धरतो आणि आमिष गरगर फिरतं, म्हणून धागा सरळ गुंडाळणारं इनलाइन रीळ तिथे बरं पडतं. रिळातलं जाड ग्रीसही गारठून घट्ट होतं, ते थंडीत चालणाऱ्या पातळ ग्रीसने बदलून घ्यावं. आणि सामानाआधी बर्फ मोजावा. चालण्यासाठी किमान चार इंच, म्हणजे १० सेंटिमीटर, नवा स्वच्छ बर्फ हवा, असं मिनेसोटाचं सरकारी खातं सांगतं.

पायरी ११ : निगा

परत आल्यावर काठी ओल्या फडक्याने पुसा, जोडातली वाळू काढा, ड्रॅग सैल करून ठेवा. ड्रॅग आवळलेला राहिला तर आतले पदर दबून धागा हिसक्याने सुटू लागतो. रीळ पाण्यात बुडवून धुऊ नका. तंगूस उन्हाने कमजोर होतो, म्हणून मोसमाच्या सुरुवातीला पुन्हा काट्यावर ओढून पाहा आणि ताण बराच घटला असेल तर बदला.

तुटलेला तंगूस काठावर एक वीतसुद्धा टाकू नका. नाथसागरावर हिवाळ्यात हजारो पक्षी उतरतात आणि पायात गुंतलेला नायलॉन त्यांना स्वतः सोडवता येत नाही. तुकडे खिशात घाला, घरी आणा आणि कात्रीने बारीक कापून कचऱ्यात टाका. काठी, रीळ, तंगूस यांची यादी कराल तेव्हा या तुकड्यांसाठी एक छोटी डबीही त्यात लिहून ठेवा.